काकींची जिती माती

काकी कुणाशीही ओळख करून घेताना आधी मूठ पुढे करत आणि मग ती उघडत. आत माती असे.

"हुंगा," त्या म्हणत.

समोरचा माणूस मागे सरकला की पुढचं वाक्य ठरलेलं असे. "हुंगा हो, चावत नाय."

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात लॅबची प्रमुख म्हणून रुजू झाले, त्या सकाळी ही मूठ माझ्याही पुढे आली. मी अजून पर्सही ठेवली नव्हती. नवीन जागी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी नाक पुढे केलं. दाट झाडीत सावलीला पाचोळा कुजतो, तिथे येतो तसा वास होता.

"कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"मातीचा."

"मंग बरोबर. वास येतो म्हंजे जिती हाय. नायतर नुसती धूळ." एवढं बोलून त्या साबणाने हात धुऊन बाटल्यांकडे वळल्या.

आमच्या कारखान्यात औषधांना लागणारा कच्चा माल तयार होतो. लॅबमध्ये दिवसभर त्याची तपासणी चालते, आणि तपासणीला लागणारी काच धुण्याचं काम काकींचं होतं. फ्लास्क, बीकर, पिपेट, नळ्या. तीनदा नळाच्या पाण्याने, तीनदा डिस्टिल्ड वॉटरने, मग उजेडाकडे धरून पाहायचं. काचेवर पाण्याचा थेंब जागच्या जागी चिकटून राहिला तर ती बाटली परत साबणात. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण माझ्या लॅबमधल्या एमएस्सी झालेल्या मुलांना त्यांची धास्ती होती. कुणी फ्लास्कवर न पुसणाऱ्या शाईने नंबर घातला, की काकी तो फ्लास्क घेऊन थेट त्याच्या टेबलाशी उभ्या राहत.

"ही शाई कोण पुसनार? तुजी आई येनार काय चिंचणीवरनं?"

पोटासाठी एक काम आणि जिवासाठी दुसरं, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकींची ही दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट होती. आत काचेवर कणभरही काही राहू द्यायचं नाही, आणि बाहेर मातीत राहील तेवढं सगळं राहू द्यायचं.

बाहेर म्हणजे लॅबच्या मागे. लॅबची भिंत आणि कारखान्याचं कुंपण यांच्यामध्ये सिमेंटची एक अरुंद पट्टी होती. तिथे त्यांचे चाळीसेक डबे, गोण्या आणि मडकी मांडलेली असत. कँटीनमधले तेलाचे रिकामे डबे, तांदळाच्या गोण्या, कान फुटलेली मडकी, एक टाकून दिलेलं वॉश बेसिनसुद्धा. त्यात अळू, मिरची, वांगी, मोगरा, गवती चहा. कोपऱ्यातल्या मडक्यातली पानवेल पावसाच्या पाइपाला धरून लॅबच्या खिडकीपर्यंत चढलेली. कारखान्यातले निळे ड्रम मात्र त्यांना चालत नसत. स्टोअरमधल्या एकाने मोठ्या प्रेमाने अर्धा कापलेला ड्रम आणून दिला होता.

"ह्यात आदी काय व्हतं?"

"काकी, दहा वेळा धुतलाय."

"मी बाटल्या धुते रं. मला नको सांगू. धुतलं म्हंजे गेलं असं नसतं."

तो ड्रम स्टोअरमध्ये परत गेला.

त्यांची पद्धत मी सुरुवातीला कामाच्या सवयीने पाहिली. माती कधी उकरायची नाही. झाड संपलं तर उपटायचं नाही, बुंध्याशी कापायचं आणि मुळं आतच ठेवायची.

"त्यांना खायला," काकी म्हणाल्या.

"कोणाला?"

"आत राहतात त्यांना."

वरती सुक्या पानांची जाड गादी. पार्किंगमधल्या बदामाच्या झाडाची पानं त्या रोज गोळा करून आणत. कँटीनमधलं तांदूळ धुतलेलं पाणी, महिन्यातून एकदा पातळ ताक, कधी शेणाचा काला. दुकानातलं खत अजिबात नाही. "त्याने झाड फुगतं. माती उपाशी ती उपाशीच."

नवीन डबा भरताना त्या साधी माती घेत आणि त्यात आपल्या जुन्या मातीतली एक मूठ मिसळत. वर ओलं पोतं टाकून डबा आठ-दहा दिवस सावलीत. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ही बाई घरी दही विकत आणते की काय.

"विरजण, बाय. दुदात पडल्याबिगर दही हुतं काय?"

त्यांचं हे विरजण माहेरचं होतं. केळवे-माहीमकडे त्यांच्या वडलांची पानवाडी होती. पिढ्यान्पिढ्या त्याच वाफ्यांत पानवेल, त्याच मातीत पालापाचोळा, मासळीचा कुटा आणि शेण. पुढे भावांनी वाडी विकली. आता तिथे शनिवार-रविवारचे बंगले आहेत. भावांनी बहिणीला विचारलं होतं, तुला काय हवं. काकींनी वेलीच्या बुंध्याखालची माती तांदळाच्या एका गोणीत भरली आणि म्हणाल्या, ही. भाऊ हसले.

ती गोणी सालवडला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर आली. तिथे एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरची भिंत दिसत होती. म्हणून गोणी कारखान्यात आली. एका गोणीचे पुढे चाळीस डबे झाले.

कुणी नोकरी सोडून निघालं, खोली बदलली किंवा नवीन संसार मांडला, की काकी त्याला केळीच्या पानात बांधून मूठभर माती देत. वर दोन अटी. उन्हात ठेवायची नाही आणि औषध मारायचं नाही. लोक हसून घेत. मीही हसून घेतली असती, पण मी कुठे निघाले नव्हते.

मग ऑडिट आलं.

परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना पाहायला येणार होती. त्याआधी मुंबई ऑफिसचे एक साहेब आमची तयारी बघायला आले. ते लॅबमागे गेले आणि त्यांनी एका डब्यातली पानं बुटाच्या टोकाने बाजूला केली. खालची सगळी वस्ती उजेडात आली. बारीक पांढरे उड्या मारणारे, लालसर चालणारे, एक गोम, दोन गांडुळं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "लॅबच्या खिडकीखाली किडे?"

नियमाने त्यांचं बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. किडे जायला हवेत, नाहीतर डबे.

काकी रजेवर होत्या. वापीला त्यांची मुलगी बाळंत झाली होती. त्यामुळे निर्णय माझ्यावर आला, आणि निर्णय घ्यायला मला कधी वेळ लागत नाही.

माझा विचार सरळ होता. डबे वाचवायचे, किडे घालवायचे. आमच्याकडे भंगारात काढलेला पण चालू स्थितीतला एक ट्रे ड्रायर होता. ओला माल ट्रेमध्ये पसरून आत सरकवायचा, आणि तो कोरडा ठणठणीत बाहेर येतो. शिवाय मी मनोरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. माझ्या वडलांनी दरवर्षी राब भाजलेला मी पाहिलेला आहे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, गवत पसरून पेटवून द्यायचं. तणाचं बी मरतं, किडे मरतात, आणि रोप असं तरारून येतं की बघत राहावं. म्हणजे शिक्षणाने आणि घराने मला एकच उत्तर दिलं. दोन्हीकडून एकच उत्तर आल्यावर तुम्हीही शंका घेतली नसती.

रविवारी मी दोन मदतनीस घेऊन कामाला लागले. त्यांतली एक कुंभवलीला राहणारी, मूळची डोंगराकडल्या पाड्यावरची बाई होती. झाडं काढून, मुळं धुऊन आम्ही बादल्यांत उभी केली. माती ट्रेमध्ये पसरली. ती बाई एकदाच बोलली.

"काकीला इचारलं काय?"

"फोन लागत नाही," मी म्हणाले. फोन मी केलाच नव्हता.

पाण्याची वाफ होऊन जाईल त्याहून जास्त तापमानावर दिवसभर एकामागून एक खेपा. संध्याकाळी चाळीसच्या चाळीस डबे परत भरले, झाडं लावली आणि प्रत्येक डब्याला चिठ्ठी चिकटवली. "माती. सुकवलेली. निर्जंतुक." खाली तारीख आणि माझी सही. सोमवारी साहेबांनी चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. मलाही समाधान वाटलं.

मंगळवारी काकी आल्या. वापीहून पेढे आणले होते, नातू झाला होता. पेढे माझ्या टेबलावर ठेवून त्या नेहमीप्रमाणे मागे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी पाहायला गेले.

त्या एका डब्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. हातात माती होती. ती त्यांनी हुंगली. दुसऱ्या डब्यातली हुंगली. तिसऱ्या. मग डब्यावरची चिठ्ठी बोट ठेवून एकेक अक्षर वाचली.

"सही तुमची?"

"हो."

त्यांनी मूठ माझ्यापुढे धरली. मी हुंगलं. तव्यावर काहीच न टाकता तो तापवला तर येतो तसा वास, आणि तोही पुसट.

"काकी, किडे होते. डबेच फेकायला सांगत होते. आणि राबात भाजतातच की माती."

"राबात वरची दोन बोटं भाजतात, बाय," काकी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "खालची जिती राहते. तीच वरचीला जिती करते. तुमी तळापातूर भाजलीत. आता खाली कोन उरलं?"

आयुष्यभर राब पाहिला, पण राबाखाली काय असतं ते पाहिलं नव्हतं.

"घरी थोडी असेल ना तुमच्याकडे?"

"खोलीत कुटं ठेवनार? सगळी हितंच."

"आणि वाडीत?"

"वाडीत फरशी."

त्या आत गेल्या आणि बाटल्या धुऊ लागल्या. त्या दिवशी दोन फ्लास्क न पुसणाऱ्या शाईचे आले. काकींनी ते घासून घासून पुसले आणि न बोलता जागेवर ठेवले. ज्याचे फ्लास्क होते तो मुलगा घाबरून माझ्याकडे आला. "मॅडम, काकी ओरडल्या नाहीत." त्यावरून सगळ्या लॅबला कळलं, की काहीतरी मोठं झालं आहे.

आठवड्याभरात मिरच्यांनी माना टाकल्या. पानवेलीची पानं पिवळी पडून गळली. ताक घातलं, तांदळाचं पाणी घातलं. डब्यांना नुसता आंबूस वास यायला लागला. काकी एकच वाक्य बोलल्या. "दूद नासलं. विरजणच नाय."

माफी मागणं मला जमत नाही. काम करणं जमतं. काकींच्या त्या वाक्याने मला काम दिलं. आमच्याकडे घरातलं विरजण बिघडलं की आई मला वाटी घेऊन शेजारी पाठवायची. कारण शेजारणीचं दही आमच्याच विरजणाचं असायचं.

मी सॅम्पलचं रजिस्टर उघडलं. "काकी, आजवर कुणाकुणाला माती दिलीत? नावं सांगा."

"कशाला?"

"सांगा तर."

त्यांनी बोटांवर मोजत आठवलं. पुष्कळ जण गाव सोडून गेले होते. जवळपासचे म्हणून नऊ जण निघाले. मी स्कूटर काढली.

सालवडला एक ऑपरेटर राहत होता, बिहारकडचा. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर त्याने रंगाच्या डब्यात दोडका चढवला होता. मी कारण सांगितलं.

"काकी की मिट्टी? पूरा गमला ले जाइए, मैडम."

मी पिशवीतून चमचा काढला. त्याची बायको आतून धावत आली. "चम्मच नहीं. हाथ से निकालिए. काकी ने बोला था, लोहा मत लगाना."

हे लोखंडाचं मला नवीनच होतं. मी हाताने काढली.

कुंभवलीला रविवारची ती मदतनीस बाई राहत होती. तिच्या दारात फुटक्या हंड्यात मिरची होती आणि मिरचीला मिरच्या होत्या. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "मी त्या दिवशी इचारलं व्हतं तुमाला."

"विचारलं होतंस."

"आता घ्या." तिने दोन मुठी काढून दिल्या आणि वर विचारलं, "फोन लागला काय?"

मी पिशवीला गाठ मारली.

पालघरला आमचे निवृत्त झालेले हेडक्लार्क होते. गच्चीभर गुलाब. त्यांनी पाव किलोच्या ठिकाणी दोन किलो माती दिली, चहा दिला आणि काकींच्या मातीने गुलाबांना कसा रंग येतो ते तासभर सांगितलं. एका माजी केमिस्टने ती मूठ काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवली होती. आठवण म्हणून. एकीने टाकून दिली होती आणि तसं सरळ सांगितलं. बाकीच्यांकडे कुठे तुळशीखाली, कुठे कढीपत्त्याखाली, पण होती.

नऊ घरांतून आठ पिशव्या मिळाल्या. लॅबच्या शिस्तीप्रमाणे मी त्यांवर नावं घातली नाहीत, फक्त नंबर घातले. मग आठही पिशव्या काकींपुढे मांडल्या. जेवणाची सुट्टी होती. सगळी लॅब जेवणाचे डबे न उघडता उभी राहिली.

काकींनी पदराला हात पुसले. पहिली पिशवी हुंगली.

"ही माजी."

दुसरी. "ही पन."

तिसरी हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं. "युरिया."

मी नंबर पाहिला. पालघरच्या हेडक्लार्कांची होती. लगेच फोन लावला. पलीकडे आधी खोकला. "चिमूटभर हो, मॅडम. प्रदर्शनात ठेवायचे होते गुलाब."

बरणीतली माती काकींनी हुंगली नाहीच, बोटाने ढकलून नुसती पाहिली. "हिचं कुनीतरी लोनचं घातलंय." आणखी एका पिशवीला फिनेलचा वास येत होता. आठांतून पाच पिशव्या पास झाल्या. काकींनी त्या पाच पिशव्या आपल्या पुढ्यात ओढून घेतल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. माणसाला अशा वेळी कुणी पाहिलेलं आवडत नाही.

आता प्रश्न जागेचा होता. लॅबमागे जिवंत माती चालणार नव्हती. कँटीनचा स्वयंपाकी भाताचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाला, "माझ्या गच्चीवर आणा ना. तिकडे कोण ऑडिट करतंय?"

कँटीन कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी मुंबईच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तिथे काहीच हरकत नाही. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. मी अख्खा रविवार माती भाजली होती.

चाळीस डबे जिन्याने वर गेले. ते कुणी नेले याची यादी मी ठेवली नाही, कारण जेवायला येणारा प्रत्येक जण एकेक उचलत होता. ऑपरेटरांनी बदामाची पानं पोत्याने आणली. कुंभवलीच्या बाईने बांबूच्या बेटाखालचा कुजलेला पाला आणला आणि न विचारता काकींशेजारी बसून कालवू लागली. काकी सांगत होत्या आणि मी पाणी वाहत होते. पाच पिशव्यांतलं विरजण चिमटीचिमटीने चाळीस डब्यांत गेलं. वर पानं, त्यावर ओली पोती.

"आता हात लावायचा नाय," काकी म्हणाल्या. "दही हलवलं तर लागत नाय."

मला रोज तपासायची सवय. दोनदा मी हळूच पोतं उचलताना सापडले. दोन्ही वेळा मागून आवाज आला, "बाय, खाली जा."

"पण लागलं की नाही हे कळणार कसं?"

"कापडाने. सुती कापड पुरायचं. महिन्याने नाय सापडलं तर लागलं."

पद्धत मला पटली. मी माझ्या जुन्या ॲप्रनचा खिसा उसवून दिला. चांगलं जाड सुती कापड होतं, त्यावर कंपनीचं नाव निळ्या धाग्याने भरलेलं. काकींनी तो मधल्या डब्यात वीतभर खोल पुरला.

त्या महिन्यात परदेशी पाहुणे येऊन गेले. कारखाना पास झाला, मिठाई वाटली गेली. लॅबमधल्या मुलांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. ती रोज मला विचारायची, खिसा कधी काढायचा.

ठरलेल्या दिवशी दुपारी कँटीनच्या गच्चीवर इतकी माणसं झाली, की स्वयंपाकी खालून ओरडला, स्लॅब पडेल. लोक ताटं घेऊन वर आले होते. सालवडचा ऑपरेटर साप्ताहिक सुट्टी असून आला होता, बायकोला घेऊन.

काकींनी पोतं दूर केलं. पानं सारली. पानांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या बुरशीची जाळी धरली होती, दह्यावर साय धरावी तशी. लालसर चालणारे घाईने आत शिरले. एक गांडूळ निघालं, कोवळं, दोऱ्याएवढं.

काकींनी हात आत घातला. चाचपलं. आणखी खोल घातला. कुणी चमचाही वाजवला नाही.

मग त्यांनी हात वर काढला. दोन बोटांत काहीतरी लोंबत होतं. मी चष्मा लावून जवळ गेले. कापड कुठेच नव्हतं. निळ्या धाग्याने भरलेली अक्षरं तेवढी एकमेकांना धरून होती. धागा पॉलिएस्टरचा होता.

काकींनी ती अक्षरं उन्हात धरली.

"कापड खाल्लं," त्या म्हणाल्या. "कंपनी नाय पचली."

मी तीस वर्षं नोकरी करतेय, कारखान्यात तसं हसणं दुसऱ्यांदा ऐकलं नाही. "काकी," सालवडचा ऑपरेटर डोळे पुसत म्हणाला, "हम को भी कहाँ पचती है." स्वयंपाकी पळी हातात घेऊनच वर आला आणि काय झालं, काय झालं, विचारत राहिला. कुंभवलीची बाई प्रत्येकाला ओढून ओढून डब्यातली जाळी दाखवत होती, जणू तिच्याच घरचं लग्न.

त्या गलक्यात काकींनी मूठ माझ्यापुढे धरली. मी वाकले, हुंगलं आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"पास," मी म्हणाले.

"मंग सही करा."

मी तिथेच नवीन चिठ्ठी लिहिली. "माती. जिती." तारीख टाकली, सही केली आणि डब्यावर चिकटवली. काकींनी ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचली आणि मान हलवली. आजवर मी किती रिपोर्टांवर सह्या केल्या, त्याचा हिशेब नाही. एवढ्या खात्रीने केलेल्या फार थोड्या.

पुढे तीन पावसाळे काकी आमच्याकडे होत्या. पानवेल बुंध्यातून फुटली आणि कँटीनच्या टाकीवर चढली. दुपारी जेवण झालं की पानाला रांग लागे. न पुसणाऱ्या शाईवरून पोरं पुन्हा रोज बोलणी खाऊ लागली.

मग वयाची मर्यादा आली. मुलीने वापीला राहायला बोलावलं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि हातभर रुंदीची गॅलरी. निरोपाच्या दिवशी शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकींनी ते घेतलं आणि म्हणाल्या, "एक पिशवी माती नेते."

आमच्या फाटकातून साधी टाचणीही गेटपासशिवाय बाहेर जात नाही. फाटकावरचा सुपरवायझर नियमाला पक्का. पिशवी उघडून पाहून तो म्हणाला, "मॅडम, माती असली तरी माल तो मालच." मीही नियमाचीच. मी पुस्तक मागवलं आणि लिहायला घेतलं. वर्णन: माती. नग: एक पिशवी. त्याखाली दोन रकाने असतात. परत येणारा माल, परत न येणारा माल.

"काकी, काय लिहू?"

काकी रिक्षात बसल्या होत्या. पिशवी मांडीवर होती. रिक्षावाला ती मागे ठेवा म्हणत होता आणि त्या ऐकत नव्हत्या.

"परत येनारा लिवा," त्या म्हणाल्या. "तुमचा काय भरवसा. पुन्ना भाजायची हुक्की आली तर?"

मी पहिल्या रकान्यात खूण केली आणि सही केली. रिक्षा बोईसर स्टेशनच्या रस्त्याला लागली.

वापीच्या गॅलरीचे फोटो त्यांची मुलगी पाठवते. घेवड्याचा वेल कठडा ओलांडून शेजारच्या गॅलरीत गेला आहे, आणि शेजारीण आता त्याच मातीत वांगी करते. आमच्या कँटीनच्या गच्चीवर अठ्ठेचाळीस डबे झालेत.

परत येणाऱ्या मालाचं रजिस्टर दर महिन्याच्या शेवटी तपासलं जातं. फाटकावरचा सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो.

"मॅडम, तुमच्या नावावर एक पिशवी माती बाकी दिसतेय. नोंद बंद करू का?"

"नको," मी म्हणते. "चालू ठेव."